शेवंतीची उजवी बाजू

घोडेगाव, ता. नेवासा
आषाढ वद्य, बुधवार

सौ. विहीणबाईंच्या सेवेशी,

विष्णुपंताचा नमस्कार, तोही साष्टांग. नवा गुडघा बसवून तुम्हाला सहा महिने झाले असले तरी उलट नमस्कारासाठी वाकण्याची तसदी घेऊ नये. तुमच्या वाटणीचाही मीच घालून टाकला आहे. (वयाने मी तुमच्याहून थोडा मोठाच निघेन, पण मुलीच्या बापाचे वय धरत नाहीत.) गुडघा काय म्हणतो? मनवा सांगत होती की आता तुम्ही काठीशिवाय कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाता आणि भाव न पटल्यास तितक्याच वेगाने परत येता. ऐकून फार बरे वाटले. व्याहीबुवांचा खोकला गेला असेल. जावईबापूंची प्रकृतीही उत्तम असेल अशी आशा आहे. मान वगैरे ठीक आहे ना त्यांची? (मानेचे सहज विचारले. पुढे ओघात येईल.)

इकडे सर्व क्षेम. सुनीती बरी आहे, मी बरा आहे आणि शेवंती आता बरी आहे. हा जो "आता" शब्द पडला, त्याच्यासाठीच हे पत्र आहे. गेल्या रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात की येत्या रविवारी स्वतः गाडी घेऊन येते आणि माझ्या मांजरीला घेऊन जाते. मी "अवश्य, अवश्य" म्हटले. मग तुम्ही विचारलेत की फोटोत शेवंती नेहमी उजव्याच बाजूने का दिसते, पूर्वी ती अशी एककल्ली नव्हती. त्यावर आमच्याकडचे नेटवर्क गेले. विहीणबाई, नेटवर्क गेले नव्हते. मी फोन ठेवला आणि वर तो पालथा घातला. एकतीस वर्षे ज्या माणसाने जनावरांच्या बाजारात खऱ्याखुऱ्या पावत्या लिहिल्या, त्याने सहा महिन्यांत तुमच्याशी किती खोटे बोलावे याला काही मर्यादा असावी असे सुनीतीचे म्हणणे आहे. तेव्हा आज सगळे लिहितो. हे पत्र भिमाजीच्या हाती पाठवत आहे. तो आमचा शेजारी, म्हशींचा व्यापारी, उद्या पुण्याकडे टेम्पो घेऊन निघाला आहे. त्याला चहा द्यावा, पण त्याच्या कालवडीचा विषय काढू नये, त्याला लागते.

तुमचे ऑपरेशन ठरले आणि डॉक्टरांनी सांगितले की सहा महिने पायात मांजर घोटाळता कामा नये, तेव्हा तुम्ही शेवंतीला दुसऱ्या कुणाकडे न ठेवता आमच्याकडे पाठवलेत, याचा मला मनापासून अभिमान वाटला होता. मनवाच्या लग्नाला सहा वर्षे झाली. एवढ्या काळात तुम्ही मानपानाचा शब्द काढला नाहीत, आहेर उलटून पाहिला नाहीत, कधी काही मागितले नाहीत. मागितलेत ते एवढेच, की माझी ही साडेतीन किलोची मांजर सांभाळा. माघात जावईबापू तिला टोपलीतून घेऊन आले. बरोबर तिची वाटी, तिचे पांघरूण आणि तुमच्या हातची दोन पानी सूचना. मी सवयीने पावती लिहून दिली. आमच्या बाजारात जनावर एका हातातून दुसऱ्याच्या हाती गेले की त्याचे वर्णन लिहावेच लागते, म्हणजे उद्या कुणी "माझी म्हैस ही नव्हे" म्हणायला नको: शिंगे मागे वळलेली, कपाळावर चांदा, दात सहा, उजव्या कानाला खाच. तसेच मी लिहिले: नाव शेवंती, जात मांजर, मादी, रंग पांढरा, पाठीवर दोन हळदी ठिपके, शेपूट अखंड, अंगावर व्यंग नाही. खाली सही आणि तारीख. ती पावती तुमच्या कपाटात आहे हे मला ठाऊक आहे, आणि "अंगावर व्यंग नाही" हे तीन शब्द आठवून मी काय काय दिवस काढले ते माझे मला ठाऊक.

पाडवा झाला आणि तिच्या डाव्या कानामागे अंगठ्याएवढ्या जागेतले केस गेले. मी म्हटले, उन्हाळा लागला, गळत असतील. आठ दिवसांनी डाव्या गालावर तसेच एक वर्तुळ, कडेला कोंडा. मग डाव्या पुढच्या पायावर. उजवी बाजू मात्र स्वच्छ, जणू दुसरीच मांजर. सुनीती पहिल्या दिवशीच म्हणाली की डॉक्टरला दाखवा आणि विहीणबाईंना कळवा. दोन्ही गोष्टी मला पटल्या आणि दोन्ही मी केल्या नाहीत. तुम्हाला न कळवण्याचे कारण भीती. डॉक्टरकडे न जाण्याचे कारण घोडेगाव. आमच्या गावात ज्याच्या दारात शेपूट हलते तो डॉक्टर. शुक्रवारच्या बाजाराला चार-पाच जिल्ह्यांतली जनावरे येतात, त्यांची दुखणी येतात, त्या दुखण्यांवरचे इलाजही येतात आणि मुक्कामाला इथेच राहतात. अशा गावात जनावर घेऊन परगावी डॉक्टरकडे जाणे म्हणजे आचाऱ्याने हॉटेलात जेवायला जाणे.

भिमाजीने शेवंतीला कान धरून फिरवून पाहिले (तिने त्याला ओरबाडले, ते योग्यच होते) आणि म्हणाला, "पंत, ह्ये काय लई मोठं दुखनं न्हाई. आमच्या म्हशीला हुतं. जळकं आईल चोपडलं, आठ दिसात कातडं चकाचक." इंजिनातले जळके ऑइल तुमच्या मांजरीला लावायची कल्पना मला सोसवली नाही, म्हणून मी सौम्य उपाय म्हणून करंजाचे तेल लावले. तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी एकतीस वर्षांत म्हशींनी कळू दिली नव्हती. म्हशीच्या अंगाला लावलेले औषध अंगावर राहते. मांजरीच्या अंगाला लावलेले पोटात जाते. पाच मिनिटांत तिने कानामागचे सोडून सगळे तेल चाटून संपवले आणि मग तीनदा उलटी केली: एकदा ओसरीवर, एकदा माझ्या चपलेत आणि एकदा पंचांगावर, नेमकी अधिक महिन्याच्या पानावर. मी त्याला शकुन वगैरे मानत नाही, पण मानायला हवे होते.

यानंतरचेही सांगायलाच हवे. भिमाजीने गोठ्यातली गोचिडाच्या औषधाची बाटली आणली. जनावराच्या पाठीवर ओतायचे ते. थोडेसे ओता, गोचीड असो पिसू असो सगळे झडेल, म्हणाला, आणि त्याने ते प्रेमानेच म्हटले. मी शेवंतीला गुडघ्यात धरून झाकण उघडलेही होते. सुनीतीने बाटली माझ्या हातातून काढून घेतली, चष्मा लावला आणि बाटलीवरचा कागद वाचायला लागली. मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत शेवटी लिहिले होते की मांजरांवर वापरू नये. पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितले की गुरांच्या आणि कुत्र्यांच्या अशा काही औषधांनी मांजर थरथर कापायला लागते आणि अनेकदा वाचत नाही. विहीणबाई, मी जनावरांच्या बाजारात एकतीस वर्षे सगळ्यांना "सही करण्याआधी वाचा" म्हणून सांगत आलो. त्या दुपारी मी स्वतः वाचले नव्हते. मी बराच वेळ शेवंतीला मांडीवर घेऊन बसलो. तिला काही कळले नव्हते. ती घोरत होती. संध्याकाळी मी नगरच्या एसटीची वेळ विचारून आलो.

नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण कंडक्टरला अजून "एक नगर" म्हटल्यावरच तिकीट फाडता येते) डॉ. मोनिका म्हणून कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टर आहेत. मनवाच्या वयाची मुलगी, पण नजर जुन्या तलाठ्याची. बाकावर माझ्या एका बाजूला एक भला मोठा कुत्रा आणि दुसऱ्या बाजूला एक पोपट, मध्ये टोपली. एसटीत शेवंती एवढी ओरडली होती की घोडेगाव ते नगर सगळ्या प्रवाशांना तिचे नाव पाठ झाले होते, इथे मात्र गप्प. डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितले की मांजरीचे केस जाण्याला एक कारण नसते. पिसवा असतील, खरूज असेल, बुरशी असेल, एखादे अन्न सोसत नसेल, नाहीतर मनाला काही लागल्यामुळे मांजर स्वतःला चाटचाटून केस काढत असेल. बाहेरून सगळे सारखेच दिसते, म्हणून आधी शोधायचे आणि मग औषध. (आमच्याकडे आधी औषध. मग जनावर बरे झाले तर तेच शोधले असे म्हणायचे.) त्यांनी बारीक फणीने तिचे केस विंचरले आणि जो काळा कचरा निघाला तो ओल्या पांढऱ्या कागदावर टाकला. पिसवांची घाण असती तर कागद तांबूस झाला असता. झाला नाही. मग कातडी खरवडून काचेवर घेतली, खरजेचे किडेही नव्हते. मग खोलीत अंधार करून एक जांभळा दिवा तिच्यावर धरला. काही बुरशी त्याच्याखाली हिरवी चमकते म्हणे. शेवंती चमकली नाही. मला एवढा आनंद झाला की मी बाहेर पडून पेढे आणले.

डॉक्टरीणबाईंनी पेढा घेतला आणि सांगितले की दिव्याखाली सगळ्याच बुरशी चमकत नाहीत, तेव्हा आनंद थोडा थांबवावा. त्यांनी एक कोरा दात घासायचा ब्रश फोडला. मी म्हटले, दात मीच पाहिले आहेत, चांगले आहेत, वय चार वर्षे. त्या हसल्या नाहीत. ब्रश शेवंतीच्या सगळ्या अंगावरून फिरवला, पिशवीत बंद केला आणि तपासणीला पाठवला. बुरशी उगवून यायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर हिला वेगळ्या खोलीत ठेवा, हिला हाताळले की हात धुवा, आणि कुणाच्या मांडीवर देऊ नका असे बजावले. (ब्रशावरून आठवले. माझा नवाकोरा ब्रश गेले तीन आठवडे सापडत नाही. सुनीती म्हणते उंदराने नेला. घरात मांजर असताना.) मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. घरात दुसरे कुठले जनावर आहे का? मी म्हटले नाही. घरात कुणाच्या अंगावर असे गोल चट्टे आहेत का? मी म्हटले नाही, आणि डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत खाली ओढली. पहिले उत्तर मी खरे समजून दिले होते. दुसऱ्याचे काय ते तुम्हीच समजा.

पुढचे चार आठवडे मी "मनाला लागले" या कारणाला घट्ट धरून बसलो, कारण त्यात कुणाची बदनामी नव्हती. फोनवर मी तुम्हाला म्हणायचो, शेवंतीला तुमची फार आठवण येते. ते तुम्हाला आवडायचे. एकदा तुमचा आवाजही भरून आला, आणि मी मनातल्या मनात स्वतःच्या कानाखाली एक लगावून घेतली. याच काळात मी तिला उजव्या बाजूने फोटोला बसवायची विद्या मिळवली. डावीकडे भिंत आणि उजवीकडे दुधाची वाटी ठेवली की ती बरोबर बसते. एकदा भिंतीवर आरसा आहे हे माझ्या लक्षात राहिले नव्हते. तो फोटो पाठवून लगेच काढून टाकला. तुम्ही विचारलेत काय होते, मी म्हटले सुविचार.

आणि मग अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचे जेवण न घालण्याइतका मी अधर्मी नाही. मनवा आणि जावईबापू आले. पुरणाचे धोंडे, तबकात अनारसे, चांदीचा दिवा, सगळे सुनीतीने यथासांग केले. शेवंती आतल्या खोलीत होती, जिथे माझ्या जुन्या कागदपत्रांची ट्रंक आहे. जेवण झाल्यावर जावईबापूंनी विचारले, शेवंती कुठे? मी म्हटले झोपली आहे. ते म्हणाले, मग हळूच बघतो. त्या क्षणी एक वाक्य बोलायचे होते: तिला कातडीचे दुखणे आहे, उचलू नका. सुनीती माझ्याकडे पाहत होती. मी वाटीतले तूप पाहत होतो. जावईबापू गेले, अंधाऱ्या खोलीतून तिला उचलून आणले, आणि ती तासभर त्यांच्या गळ्यात पडून होती. "किती जवळ येते," ते म्हणाले. ती डावा गाल त्यांच्या मानेवर घासत होती. गाल, विहीणबाई, डावा. सासऱ्याने जावयाला धोंड्याच्या महिन्यात काय काय द्यावे याची शास्त्रात यादी आहे; त्यात हे नाही.

ते गेल्यावर आठवड्याने डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बुरशीच निघाली. पण मांजरीला सहसा होते ती नव्हे. म्हणाल्या, "काका, ही बहुतेक वासरांच्या अंगावर सापडते. तुमच्या आसपास वासरू आहे का?"

मी फोन हातात धरून खिडकीतून बाहेर पाहिले. आमची आणि भिमाजीची भिंत एक. भिंतीपलीकडे त्याच्या गोठ्यात त्याची लाडकी कालवड, आणि तिच्या डोळ्याभोवती, मानेवर, कपाळावर राखेसारखे गोल गोल चट्टे. खोलीत कोंडण्याआधी दुपारभर आमची शेवंती त्या कालवडीच्या मानेला टेकून, डाव्या कुशीवर, झोपायची. हे मी रोज पाहत होतो. दोन महिने रोज. विहीणबाई, तुम्ही म्हणाल की या माणसाला दिसले कसे नाही? दिसले होते, पण आमच्या भागात कालवडींच्या अंगावर ते असतेच, काही महिन्यांनी आपोआप जाते, त्याला कुणी दुखणे म्हणत नाही. मी तर एकतीस वर्षे ते पावतीत "अंगावर खूण" या रकान्यात लिहीत आलो. "मानेवर तीन गोल चट्टे, कपाळावर एक." एकदा जामखेडकडचे एक गिऱ्हाईक चार महिन्यांनी गोऱ्हा घेऊन परत आले होते. म्हणे पावतीत चार चट्टे आहेत आणि जनावराला एकही नाही, तेव्हा वाटेत बदलले असावे. मी दोन तास गोऱ्ह्याचे खांदे आणि अंगावरचे भोवरे पाहून त्याची खात्री पटवली आणि नव्या पावतीवर "चट्टे नाहीत" असे लिहून दिले. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही की ज्याच्या खुणा जातात ती खूण नसते, ते दुखणे असते. ही अक्कल मला शेवंतीने दिली, तीही तिचे केस घालवून.

भिमाजीला सांगायला गेलो तर तो फार दुखावला. "पंत, माज्या कालवडीला नाव ठिऊ नका. गरीब हाय ती." मी म्हटले, नावे ठेवत नाही, औषध लावू या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी फोनवर त्याला समजावले आणि कालवडीला आता औषध चालू आहे, गोठा धुतला आहे, दावणीला चुना झाला आहे. भिमाजी गावभर सांगतो की त्याच्या कालवडीला नगरच्या डॉक्टरीणबाई फोनवर विचारतात.

शेवंतीची चिकित्सा मात्र मोठी झाली. रोज पोटातून औषध, ठरलेल्या मापाने, आणि आठवड्यातून दोनदा औषधी शांपूने आंघोळ. मांजरीला आंघोळ घालणे याबद्दल मी एवढेच सांगतो की पहिल्या दिवशी आंघोळ मला झाली. शांपू अंगावर दहा मिनिटे ठेवायचा असतो आणि ती दहा मिनिटे तिला धरून बसायचे असते, तेव्हा मी तिला जुन्या पावत्या वाचून दाखवायला लागलो. आश्चर्य म्हणजे ती ऐकते. "मुऱ्हा जातीची, वेत दुसरे, शिंगे कुंडलाकार" असे म्हटले की कान हलवते. चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखा प्लॅस्टिकचा पट्टा होता. त्यात ती ग्रामपंचायतीच्या भोंग्यासारखी दिसायची आणि तशीच ओरडायची. तिचे पांघरूण, माझे सदरे, चादरी, सगळे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात. खोली रोज पुसायची, गळालेला एकेक केस उचलायचा, कारण बुरशी त्या केसावर महिनोन्‌महिने वाट पाहत बसते. माझ्या हाताचे मी कातडीच्या डॉक्टरांना दाखवले, मलम लावले, गेले. सुनीतीला काहीच झाले नाही. तिने पहिल्या दिवसापासून हात धुतले होते.

आणि विहीणबाई, केस आले. आधी कानामागे मखमलीसारखी लव आली, मग गालावर. पायावरचे अजून थोडे आखूड आहेत. मी रोज सकाळी चष्मा लावून पाहतो आणि मला खरोखर आनंद होतो, असा आनंद मला पेन्शन मंजूर झाल्यावरही झाला नव्हता. औषध सुरू करून महिना झाल्यावर पुन्हा ब्रशाची तपासणी केली, ती गेल्या आठवड्यात स्वच्छ आली. पण डॉक्टरीणबाईंचा नियम असा की दोन तपासण्या स्वच्छ आल्याशिवाय बरी झाली असे म्हणायचे नाही आणि दुसऱ्या घरी न्यायचे नाही. दुसरीचा रिपोर्ट यायचा आहे. सबब येत्या रविवारचे येणे कृपया पुढे ढकलावे. झाला तो अपराध पदरात घ्यावा, आणि माझ्यावरचा राग मनवावर काढू नये. तिला यातले काही ठाऊक नाही. तिलाही मी उजवीच बाजू दाखवली आहे.

थोरांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद, गुडघ्यास आराम.

आपला अपराधी,
विष्णुपंत

ता. क. जावईबापूंच्या मानेवर जे काही उठले आहे ते घामोळे नाही. त्यांनी फोनवर विचारले होते आणि घामोळे मीच म्हटले होते. मनवा म्हणते, ते औषधाच्या दुकानातून आणलेले कसलेसे मलम लावतात, तेवढ्यापुरते खाजेला बरे वाटते आणि चट्टा मोठा होतो. ते मलम आजच बंद करावे आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवावे. वासराकडून मांजरीला आणि मांजरीकडून आले आहे असे स्पष्ट सांगावे, लाजू नये. या पत्राचे मुख्य कारण हेच होते. तीन पाने लिहिल्यावर धीर आला.

ता. क. २. वरचे कारणही पुरते खरे नाही. दुसऱ्या तपासणीचा ब्रश पहिल्यानंतर दोन आठवड्यांनी, पहिलीच्या रिपोर्टची वाट न पाहता, फिरवायचा होता. त्याला तीन आठवडे होऊन गेले. मी ब्रश फिरवलाच नाही. रोज उद्या म्हणतो. रिपोर्ट यायचा आहे म्हणालो ते खरे, पण जे पेरलेच नाही ते उगवणार कुठून? स्वच्छ आला की ती जाणार, आणि मला ती जायला नको आहे. हे लिहायला मला लाज वाटते, कारण ती तुमची आहे आणि तुम्ही सहा महिने तिच्या फोटोवर काढलेत, तेही एका बाजूच्या. उद्या नक्की फिरवतो. ब्रश सापडला की.

सौ. सुनीतीचा नमस्कार, विहीणबाई. ह्यांनी पाकीट न चिकटवता ठेवले होते. एवढा जन्म कागदात गेलेला माणूस पाकीट उघडे ठेवतो तेव्हा ते वाचावे असेच त्याला वाटत असते, म्हणून वाचले. ह्यांचा ब्रश मी घेतला. तीन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी हे बाजारात गेल्यावर तो शेवंतीच्या अंगावरून फिरवला, पिशवीत बांधला आणि एसटीने जाऊन नगरला देऊन आले. रिपोर्ट काल आला. स्वच्छ आहे. शेवंती बरी झाली आहे, दोन्ही बाजूंनी. कागद गव्हाच्या डब्यात ठेवला आहे, ह्यांना अजून सांगितलेले नाही. नोकरी सुटल्यापासून हे दुपारी कुणाशी चार शब्द बोलत नसत. आता आतल्या खोलीतून म्हशींची वर्णने ऐकू येतात आणि मध्येच हसू. मीही रोज उद्या सांगू म्हणते.

तेव्हा रविवारी तुम्ही याच, पण न्यायला म्हणून नको, आठ दिवस राहायला या. उंच खुर्ची काढून ठेवली आहे, जिन्याचे काम नाही. जावईबापूंना आधी डॉक्टरकडे पाठवा. आठ दिवसांनी शेवंतीला न्या, ती तुमचीच आहे. पण अधूनमधून घेऊन येत जा. आमच्या बाजारात शुक्रवारी म्हशी हव्या तेवढ्या मिळतात, मांजर मिळत नाही, आणि ह्यांच्या मांडीवर म्हैस मावायची नाही.